दहाव्या दिवसाची चक्कर

"उद्या अकरा वाजता फौजदार मला ताब्यात घेणार आहेत," भैरवी नेजदार म्हणाली, आणि मग खुर्चीत बसली.

इरावती कुंभोजकरांनी वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवली. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि लक्ष्मीपुरीत एका छापखान्याच्या माडीवर खासगी तपासाचं कार्यालय थाटलं होतं. कॉपी करणारी पोरं पकडण्यापेक्षा चोर पकडणं सोपं, असं त्यांचं मत होतं. त्यांचे सहकारी फराज मुल्लाणी पूर्वी विम्याचे दावे तपासायचे. माणूस कष्टाळू आणि सरळ, पण पहिला जो संशय मनात येई त्याच्याशीच ते संसार थाटत.

"गुन्हा काय?" इरावतीबाईंनी विचारलं.

"सासूबाईंना साखरेच्या गोळ्या चारून मारायचा प्रयत्न केला, असं माझ्या नणंदेनं लिहून दिलंय. माझं उचगावात औषधांचं दुकान आहे. नवऱ्याला मधुमेह आहे, त्यांच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये असतात, कारण ते विसरतात. आणखी काय पाहिजे?"

"सासूबाईंना मधुमेह आहे?"

"नाही. तरी त्यांची साखर बेचाळीसवर आली."

फराजनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीनं खटला संपला होता.

भैरवीनं सांगितलं ते असं. नवऱ्याचे चुलत चुलते, घरात सगळे त्यांना तात्या म्हणत, नेसरीला वारले. सोमवारी त्यांचा दहावा होता. सगळे गाडी करून गेले. उन्हातला अडीच तासांचा प्रवास, नदीकाठी ताटकळणं. सासूबाई शालूबाई तिथंच चक्कर येऊन कोसळल्या. कोल्हापूरला आणून दवाखान्यात ठेवल्यावर त्या सावरल्या. मंगळवारी श्यामलानं, म्हणजे नणंदेनं, पर्समधल्या गोळ्या शोधून काढल्या आणि भैरवीला आत यायला बंदी केली. बुधवारी संध्याकाळी शालूबाई पुन्हा कोसळल्या.

"तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"घरी. पण दुपारी मीच पेज करून पाठवली होती."

"चुकलंच म्हणायचं," फराज म्हणाले.

"आजारी माणसाला पेज पाठवणं चुकलं?" भैरवीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि फराज छताकडे पाहू लागले.

*

दवाखान्यात डॉक्टर रुबीना शेख घाईत होत्या, तरी थांबल्या.

"दोन्ही वेळा साखर खाली, ब्लडप्रेशरही सत्तरवर. ग्लुकोज आणि सलाईन दिलं की वर येतात, पण टिकत नाही. आज सकाळपासून पुन्हा ग्लानीत आहेत. रक्तात साखरेच्या गोळीचा अंश आहे का ते तपासायला पाठवलंय. आठवडा लागेल. तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे का, हे मला सांगता येत नाही."

"बुधवारी दिवसभरात काय काय झालं?"

"दाढेत पू झाला होता. सकाळी दाढ काढली. चार वाजता त्रास सुरू झाला."

"आधी कुठली औषधं घेत होत्या?"

"तीनदा विचारलं. मुलाला, मुलीला, स्वतः पेशंटला. डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत."

शालूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. वय चौसष्ट. फराज खाटेपाशी वाकून म्हणाले, "आजारी वाटत नाहीत हो. चेहरा कसा भरलाय."

इरावतीबाई चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. चादरीबाहेर आलेले हात काटकुळे होते आणि कोपरापासून बांगड्यांपर्यंत हिरवे-जांभळे डाग होते.

"बघितलासा न्हवं ते?" मागून आवाज आला. श्यामला आली होती. चाळिशीची, गोल गोबऱ्या चेहऱ्याची, तावातावानं बोलणारी. "मारती ती माझ्या आईला. नुसत्या गोळ्या न्हाईत, मार बी हाय."

"आईनं तसं सांगितलं?"

"आई कशाला सांगंल? ती म्हणती बांगडी लागली. बांगडीनं असं हुतंय व्हय?" श्यामलानं पर्सचा पट्टा मनगटावरून वर सरकवला. पट्ट्याखाली तिथंही एक जांभळा डाग होता. "दीड वर्षामागं आई गुडघ्यानं आडवी झालती. मीच बरी केली तिला. आता ही तिला संपवाय निघाली."

"बुधवारची पेज आईंनी सगळी खाल्ली?"

"चार घास. उरलेली मी संपवली. टाकून कुठं द्यायची?"

"तुम्हाला काही झालं?"

"मला काय हुतंय? दणकट हाय मी."

बाहेर आल्यावर फराज म्हणाले, "विष तळाशी बसलं नसेल. वरच्या चार घासांत असेल."

"पेजेत?" इरावतीबाई म्हणाल्या. "फराज, तुमच्या घरी पेज ढवळत नाहीत का?"

*

उचगावच्या घरात मोहित नेजदार एकटाच होता. एका फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरी, स्वभावानं भिडस्त. बहीण आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं.

"गोळ्या मोजल्या मॅडम. एक पण कमी न्हाय. पण ताई म्हणती, दुकान तिचंच हाय, गोळ्यांना काय तोटा?"

"आईंची तब्येत त्या सोमवारीच बिघडली?"

मोहितनं आठवून पाहिलं. "न्हाय. चार-पाच दिवस आधीपासनं गळाल्यागत झालती. जेवण नको, उठवत न्हाय, गुडघ्यांनी पुन्हा धरलं. आम्हाला वाटलं, तात्या गेले त्याचं मनाला लागलंय. तसं दीड वर्ष एकदम ठणठणीत हुती. चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या चढली की."

"आणि हातावरचे डाग?"

"वर्षभर हायत ते. जरा कुठं टेकलं की उठतात."

इरावतीबाईंनी घर पाहिलं. स्वयंपाकघरात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. कोपऱ्यातला देव्हारा मात्र पांढऱ्या कापडानं झाकला होता.

"सुतक," मोहित म्हणाला. "आमच्या भाऊबंदकीतलं, म्हणून दहा दिवस. कुणी हात लावला न्हाय. दहाव्याहून आल्यावर गोमूत्र शिंपडून उघडायचा हुता, पण तवर आईचं हे झालं."

"एरवी पूजा कोण करतं?"

"आईच. दुसऱ्या कुणाचा हात चालत न्हाय तिला. भैरवीचा बी न्हाय."

"मला सुतक नाही. कापड काढलं तर चालेल?"

मोहितनं होकार दिला. देव्हाऱ्यात पितळी टाक होते, घंटा होती, वाळून काळी पडलेली फुलं होती. पुढ्यात एक चांदीची डबी. तिच्यात करडा अंगारा आणि अंगाऱ्यात रोवलेला बारीक चमचा. वरचा थर घट्ट बसला होता.

"हा कुठला?"

"पेठ वडगावच्या अंबादास बुवांचा. ताई आणती. तिची लई श्रद्धा. ती सासरची, तिला आमचं सुतक न्हाय, म्हणून परवा अमावास्येला बी जाऊन आली."

फराजनी डबीजवळ नाक नेलं आणि ते सणसणीत शिंकले. इरावतीबाईंनी डबीचं झाकण लावलं.

"वडगावला जाऊ," त्या म्हणाल्या.

"देवदर्शनाला? बाई, उद्या अकराला त्या पोरीला नेणार आहेत."

"म्हणूनच."

*

अंबादास बुवांचं ठिकाण म्हणजे पत्र्याची शेड, आत धुनी, बाहेर बाकं. दुपार असूनही वीस-पंचवीस माणसं होती. फराज बाकावर टेकले आणि आजूबाजूला पाहून खूश झाले.

"गुण असेल हो माणसाच्या हातात. बघा की, सगळ्यांचे चेहरे कसे पौर्णिमेच्या चंद्रासारखे. दुखणाईत माणसं अशी कुठं असतात?"

"अगदी बरोबर निरीक्षण आहे," इरावतीबाई म्हणाल्या. फराजना त्या आठवड्यातलं हे पहिलंच कौतुक होतं, त्यामुळे ते जरा ताठ बसले.

बुवा साठीचे, दणदणीत आवाजाचे. "बोला, पावणं. काय दुखतंय?"

"गुडघे. उचगावच्या शालूबाईंना गुण आला म्हणून आले. श्यामलाताईंची आई."

"व्हय व्हय. श्यामलाबाई दर अमावास्येला दोन डब्या न्हेती. भाविक बाई." बुवांनी मागच्या खोलीतून एक डबी आणली. "रोज सकाळी पूजा झाली की चमच्याच्या टोकावर मावंल एवढा, दुधातनं घ्यायचा. मी काय औषध देत न्हाय. राख हाय, देवाची."

"एखाद्या दिवशी विसरलं तर?"

बुवांचा आवाज एकदम उतरला. "खाडा करायचा न्हाय. दोन-चार दिवसांचा तर न्हाईच न्हाय. देव कोपतो. लोळवतो माणसाला. मी बघितलंय."

"कुणाला?"

"असतंय एखादं," बुवा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

रस्त्यावर येताच इरावतीबाईंनी डॉक्टर रुबीनांना फोन लावला. फराजना ऐकू आलं ते एवढंच: "आधी रक्त काढून ठेवा, पण निकालासाठी थांबू नका. इंजेक्शन आत्ताच द्या. हो, माझी खात्री आहे." मग दुसरा फोन फौजदार कृष्णात माने यांना. तो लांबला, कारण फौजदारांना एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली.

*

शुक्रवारी सकाळी अकराला शालूबाईंच्या खोलीत सगळे जमले. शालूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि चहा पाणचट असल्याची तक्रार करत होत्या. मोहित भिंतीला, श्यामला खाटेपाशी, भैरवी दाराबाहेर. आत यायचं की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फौजदार माने हातात वही घेऊन उभे होते.

"आत या, भैरवी," इरावतीबाई म्हणाल्या. "तुमच्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही."

ती आत आली. श्यामलानं तोंड फिरवलं.

"सगळ्यांनी एकच विचारलं, शालूबाईंनी काय खाल्लं. मी विचारलं, त्या दिवशी त्यांच्या शरीराला काय सोसावं लागलं. सोमवारी उन्हातला प्रवास आणि दहाव्याचा ताण. बुधवारी दाढ काढली. दोन्ही वेळा शरीरावर भार पडला आणि ते ढासळलं. पेज तर श्यामलाताईंनीही खाल्ली, त्यांना काही झालं नाही. शिवाय साखरेच्या गोळीनं साखर उतरते, पण ब्लडप्रेशर असं तळाला जात नाही."

"मग कशानं गेलं?" माने म्हणाले.

"दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. अधिवृक्क ग्रंथी. भीती, दुखणं, ताप, उपास, काहीही आलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी हिला निरोप धाडते आणि ही रक्तात कॉर्टिसॉल नावाचा रस सोडते. साखर आणि ब्लडप्रेशर त्यानं टिकतं. आपण ताण सोसतो म्हणतो ना, तो याच्या जोरावर. शालूबाईंच्या रक्तात तो किती निघाला, डॉक्टर?"

"जवळजवळ नाहीच," डॉक्टर रुबीना म्हणाल्या. "आणि वरून येणारा निरोपही नाही. काल तेच हार्मोन टोचलं. दोन तासांत त्या उठून बसल्या."

"ग्रंथी मेली का?" मोहितनं विचारलं.

"झोपली. घरी रोज आयता खानावळीचा डबा यायला लागला की चूल थंड पडते. मग एक दिवस डबा बंद होतो, आणि नेमके त्याच दिवशी पावणे येतात. चूल पेटत नाही. शालूबाईंना दीड वर्ष असा आयता डबा मिळत होता. स्टिरॉइड म्हणतात त्याला. सांधे त्यानं आठवड्यात मोकळे होतात. पण चेहरा गोल होतो, हातपाय काटकुळे होतात, कातडी इतकी पातळ होते की बांगडी टेकली तरी डाग उठतो. त्यांना कुणी मारलं नाही. त्या खरंच सांगत होत्या."

"पण आई औषधच घेत न्हाय!" श्यामला ओरडली.

"औषध म्हणून घेत नाहीत. डॉक्टरांनी तीनदा विचारलं आणि तिघांनीही खरं तेच उत्तर दिलं, कारण अंगाऱ्याला तुमच्यापैकी कुणी औषध मानत नाही. मला मात्र डबीतला चमचा खटकला. अंगारा बोटानं कपाळाला लावतात, त्याला चमचा कशाला?"

माने खाकरले.

"वडगावच्या पोलिसांनी सकाळी बुवाची मागची खोली उघडली. मिक्सर हाय, आणि पत्र्याच्या डब्यात तीन हजार सुट्ट्या गोळ्या. स्टिरॉइडच्याच. राखेत दळून घालत हुता. रडाय लागलाय आता."

"त्याला ठाऊक होतं," इरावतीबाई म्हणाल्या. "खाडा केला की माणूस लोळतो, हे त्यानं स्वतः बघितलं होतं. त्यानं त्यावर देवाचं नाव चिकटवलं."

"पण आईंनी खाडा केला कधी?" फराजनी विचारलं. "एवढी भाविक बाई!"

"भाविक म्हणूनच."

शालूबाईंनी कप खाली ठेवला. "सुतकात देवाच्या डबीला हात कसा लावायचा, बाई? बुवांनी सांगितलंतं खाडा नको म्हणून. दोन रात्री झोप न्हाय मला. शेवटी म्हटलं, देव कोपला तर कोपू दे, पर इटाळ न्हाय करायचा. आणि पडले तवा वाटलं, कोपला की खरंच. म्हणून कुणाला बोलले न्हाय."

"भैरवी औषधांच्या दुकानात बसते," श्यामला पुटपुटली. "तिला एवढ्या दिवसांत कळाय नको?"

"मी त्यांना रोज बघत होते," भैरवी पहिल्यांदाच बोलली. "हळूहळू बदललेला चेहरा रोज बघणाऱ्याला नाही दिसत. देव्हाऱ्याला हात लावायची मला परवानगी नव्हती, आणि मी कधी मागितलीही नाही. तेवढी चूक माझी."

मान्यांनी वही मिटली. "तुमच्यावरची तक्रार संपली, वहिनी. बाई, तुम्ही तेवढं मागं घेतल्याचं लिहून द्या." ते श्यामलाकडे पाहत होते.

श्यामला त्यांचं ऐकत नव्हती. डबी आपण आणली, चमचा आपण भरून दाखवला, आईला बरी केली म्हणून चार घरी सांगितलं, हे सगळं तिच्या अंगावर एकदम आलं असावं. तिनं पर्स उघडली, आतून दुसरी डबी काढली आणि ती बेसिनकडे निघाली. नळ सुरू झाला.

"दोन डब्या," इरावतीबाई हळूच म्हणाल्या. "एक आईची, एक स्वतःची. त्यांना सुतक नव्हतं. त्यांचा खाडा झालेला नाही."

हे वाक्य पुरं व्हायच्या आत भैरवी बेसिनपाशी पोचली होती. तिनं नणंदेचं मनगट धरलं, डागाच्या जरा वर, जपून.

"टाकू नका, वन्सं."

"सोड. वीख हाय ते. मी माझ्या हातानं आईला..."

"कंबर दुखते म्हणून घेता ना? किती दिवस?"

"वरीस झालं."

"मग तुमची पण चूल थंड आहे. आज टाकलंत तर आठ-दहा दिवसांत आईंच्या शेजारच्या खाटेवर याल. हे एकदम सोडायचं नसतं. डॉक्टर मोजून गोळी देतील, महिनोन्महिने कमी करत नेतील."

श्यामलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी तुला जेलात घालाय निघालते, भैरवी. तू गप बसली असतीस तर कुणाला कळलं बी नसतं."

"मला राग आलाय तुमचा. लई राग आलाय, आणि तो इतक्यात जायचा न्हाय." इतका वेळ शुद्ध बोलणाऱ्या भैरवीचा आवाज आता चिरकला होता. "पण राग करायला तुम्ही जित्या पाहिजेत की मला."

तिनं डबी काढून घेऊन झाकण लावलं, नळ बंद केला आणि श्यामलाचा हात न सोडता ती डॉक्टर रुबीनांकडे वळली.

"यांचं पण रक्त घ्या, डॉक्टर," ती म्हणाली. "आणि फौजदारसाहेब, बुवाकडनं आणखी कोण कोण अंगारा न्यायचं, त्यांची नावं मला द्या. दुकानातनं एकेकाला फोन लावते."